दार शेवटी कापतात

शकुंतला वाघचौरेच्या घराचं लाकूड बुधवारी सकाळच्या एसटीनं आलं. सगळ्यांत आधी थोरले दीर उतरले, त्यांच्यामागून जाऊबाई, मग दोन पुतणे आपापल्या बायकांना घेऊन, आणि शेवटी सासरकडची आणखी तीन माणसं, जी लग्नाकार्यातच काय ती दिसायची. नारायणरावांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली, डोंगराच्या पायथ्याच्या त्या दोन गुंठ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "सांग शकुंतला, कुठं आडवं व्हायचं?"

शकुंतलेला नवल वाटलं नाही, वैताग आला. वखारीला तिनं रीतसर अर्ज केला होता. छत्तीस ओंडके, सरळ, गाठी कमी. त्यावर उत्तर आलं होतं की अर्जदाराचं जे असेल तेच लाकूड पाठवण्यात येईल. त्याचा अर्थ तिनं तेव्हाच ओळखायला हवा होता.

"घर बांधतेस आणि आम्हाला कळवतसुद्धा नाहीस," नारायणराव म्हणाले. "वखारवाल्यांनी कळवलं म्हणून बरं. आमची जागा नको का त्यात?"

"माझ्या एकटीसाठी बांधतेय, भाऊजी."

"एकटीचं कधी घर असतं होय?" असं म्हणून ते उन्हातच आडवे झाले.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. शकुंतलेनं एक लग्न केलं होतं आणि तीन घरं बांधली होती, पण त्यातलं एकही घर तिचं नव्हतं. तीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. त्या पगारातून सासरच्या घरावर मजला चढला, माहेरी धाकट्या भावाचं स्लॅबचं घर उभं राहिलं आणि मुलाचा पुण्यातला फ्लॅट झाला. तिन्ही घरांत तिला झोपायला जागा होती. तिन्ही घरांत सकाळी उठल्याबरोबर तिची गादी गुंडाळून कपाटाच्या वर टाकावी लागे, कारण दिवसा त्या जागेचं दुसरं काहीतरी काम असे. निवृत्त झाली त्या दिवशी तिनं हारतुरे घेतले आणि घरी न जाता थेट उगले मिस्त्रीच्या वर्गात नाव घातलं. वर्ग गावातल्या बंद पडलेल्या दूध डेअरीत भरे आणि बाहेर पाटी होती, 'आपलं ओंडक्यांचं घर आपणच बांधा'. पहिल्या दिवशी अकरा जण होते. लाकूड ज्याचं त्यानं आणायचं, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी ती एकटीच उरली.

उगले मिस्त्री साठीचे, काडीपैलवान, कानात पेन्सिल. ते बुधवारी जागेवर आले, आडव्या झालेल्या नारायणरावांना त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ढोसून पाहिलं आणि म्हणाले, "चांगला माल हाय. आतनं जरा वाकडाय, पर चालंल."

माणूस आडवा झाला, हात अंगाला लावले आणि डोळे मिटले की तो ओंडका व्हायचा. याला एक विडी ओढण्याइतकाही वेळ लागत नसे. मग शकुंतला सोलपाटणीनं साल काढायची. सदरा, धोतर, जाऊबाईंचं नऊवारी, सगळं सालीबरोबर निघून यायचं आणि आतून पांढरं, ओलसर लाकूड दिसायचं. बोलणं मात्र थांबायचं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथं घर व्हायच्या आधीच वाशांनी तोंड सुरू केलं होतं. पायाचा ओंडका व्हायला कुणी तयार नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या की तळाला ओल असते आणि त्यांचे गुडघे आधीच धरलेत. पुतण्यांना छपराजवळ, हवेशीर पाहिजे होतं. धाकट्या पुतण्याची बायको काही बोलली नव्हती, म्हणून मिस्त्रींनी तिला तळाला घेतलं.

"आता बगा," मिस्त्रींनी लोखंडी परकार उघडला. "याचा एक पाय खालच्यावर फिरवायचा, दुसऱ्यानं वरच्यावर रेघ ओढायची. खालच्याला जिथं फुगवटा, तिथं वरच्याला खड्डा. खालच्याला हात लावायचा नाय. वरच्यानंच खालच्यापरमाणं व्हायचं."

"हे मला येतं," शकुंतला म्हणाली.

खरोखरच तिला येत होतं. सासरच्या नऊ जणांची पूर्वेची भिंत तिनं दोन दिवसांत उभी केली. शुक्रवारी धाकटा भाऊ दिगंबर माहेरची माणसं जीपमध्ये कोंबून आला आणि उत्तरेला आडवा झाला. शनिवारी पुण्याहून हेमंत आला, बायको आणि सासुरवाडीसकट. सोमवारी ऑफिस असल्यामुळे पश्चिमेची भिंत त्याआधी होईल ना, एवढंच त्यानं विचारलं, आणि आडवा झाला. शकुंतलेनं त्याची साल काढली आणि आतलं ओलं लाकूड पदरानं पुसलं. तो जन्मला तेव्हाही तिनं त्याला असंच पुसून कोरडं केलं होतं. तिला रडू आलं, ते तिनं परकार हातात घेऊन गिळलं.

दक्षिणेच्या भिंतीला लाकूड उरलं नाही. तिचा नवरा वारला होता, आणि वारलेल्यांचं लाकूड मिस्त्री घेत नसत. आत पोकळ निघतं म्हणायचे. शकुंतला हिशेब सोडून नुसतीच मोकळ्या बाजूकडे बघत बसली होती, तेवढ्यात डोंगरावरच्या पायवाटेनं बायका उतरताना दिसल्या. वाड्यावस्त्यांवरच्या बायका, अनवाणी, एकामागोमाग एक. पुढं मथुरा उघडे होती. मथुरेची तिन्ही बाळंतपणं शकुंतलेनं केली होती. पहिलं मूल पायाळू, दवाखाना बारा मैल, बैलगाडी ओढ्यात अडकलेली. त्या गाडीतच शकुंतलेनं ते सोडवलं होतं आणि आई-मूल दोघंही वाचल्यावर ओढ्याकाठी बसून त्या दोघी हसल्या होत्या.

"नर्सबाई, लाकूड कमी पडलंय म्हनं," मथुरा म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी सांगाया कशाला पायजे?" ती म्हणाली आणि पदर नीट खोचून आडवी झाली. बाकीच्या आठ जणीही झाल्या. कुणी वर की खाली विचारलं नाही. त्यांचे ओंडके बारीक होते, पण सरळ होते.

भिंती चढू लागल्यावर मिस्त्रींनी शकुंतलेला आत उभं केलं. दोन ओंडक्यांच्या मधून उजेड येतो का ते आतूनच कळतं, आणि ते बघायचं काम घरवाल्याचं. ते वर बसून ओंडका सरकवत, ती आतून ओरडे, "इथून दिसतोय." ते ठोकत. "आता?" "आता नाही." उजेडाची एकेक फट तिनं स्वतः बुजवून घेतली. असा आनंद तिला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. आपल्या घराला एक फट नाही, एक नाही, असं ती स्वतःशीच म्हणत होती. शेवटची फट बुजली तेव्हा तिनं चारी बाजूंना पाहिलं. चारी बाजूंना भिंत होती.

"मिस्त्री, दार?"

"दार शेवटी कापतात," वरून मिस्त्री म्हणाले. "आख्खी भिंत उभी केल्याबिगर दार काडलं तर ओंडके हालत्यात. करवत तुमच्यापाशीच ठेवलीया, बगा कोपऱ्यात. दार आतल्या मानसानंच कापायचं. ज्याच्या हातचं दार, त्याचं घर."

"आणि मी नाही कापलं तर?"

"तर म्या बाहिरनं कापतो. मंग ते माजं घर. नायतर तुमच्या पोराचं, त्यो म्हनला व्हता मगाशी." मिस्त्रींनी छपराचा पहिला ओंडका भिंतींवरून आडवा लोटला. "पर लवकर आटपा. छपराचा भार आला म्हंजी करवत आडकती."

"मला वरून बाहेर काढा, मग बघू."

"वरनं बाहिर काडायचं म्हंजी ती इहीर झाली बाई, घर न्हवं."

शकुंतलेनं करवत उचलली. खोली सकाळी चौदा पावलांची होती. आता ती पूर्वेकडे गेली तर नऊ पावलांत पोचली. नवीन लाकूड वाळतं, बसतं, थोडं आत येतं, हे वर्गात शिकवलं होतं. इतकं येतं हे शिकवलं नव्हतं.

"माझ्यातून?" नारायणराव म्हणाले. "थोरल्या दिराच्या अंगावर करवत चालवणार तू? लोक शेण घालतील तोंडात." पाठोपाठ जाऊबाई, पुतणे, सगळी भिंत बोलू लागली. सासरी अठ्ठावीस वर्षं हीच वाक्यं तिनं मान खाली घालून ऐकली होती. आता तिच्या हातात करवत होती, तरी मान आपोआप खाली गेली. तिला स्वतःची चीड आली.

उत्तरेला दिगंबर म्हणाला, "आक्का, माझी बायपास झालीय गं. तुला माहीत आहे ना."

"माहीत आहे. दवाखान्यात मीच होते तुझ्याजवळ."

"तेच म्हणतो मी. इतकं करून वाचवलंस, आता कापतेस होय?"

वर दुसरा ओंडका सरकला. आकाशाची पट्टी अरुंद झाली. सात पावलांत ती पश्चिमेला पोचली आणि या वेळी तिनं कुणाला काही बोलू दिलं नाही. दात ओठ खाऊन तिनं करवत टेकवली आणि एक ओढ ओढली.

"आई, लागलं," हेमंत म्हणाला. आवाज पाच वर्षांच्या हेमंतचा होता.

शकुंतलेनं करवत झटकन काढली. लाकडावर नखाएवढा ओरखडा उठला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, फुंकर घातली.

"त्याला काय लागत नाय बाई," मिस्त्री वरून म्हणाले. "लाकूड हाय ते."

"मग बोलतो कसा?"

"बोलाया काय जातंय?"

"मी फक्त एवढंच म्हणतोय आई," हेमंत आता त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "की हे सगळं आत्ताच करायला हवंय का? मी दार काढून घेतो ना व्यवस्थित. किल्ली माझ्याकडे राहील, तू कधीही ये."

तू कधीही ये. एवढी भिंत बांधून, इतक्या साली सोलून, शेवटी तिला पुन्हा कुणाकडे तरी येऊनच राहायचं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, कारण चारी बाजूंना माणसं होती.

तिसरा ओंडका वर आला. आकाश आता हाताच्या पंज्याएवढं उरलं होतं. दक्षिणेकडून काहीच ऐकू आलं नव्हतं.

ती तिकडे वळली. चारच पावलं लागली. बारीक, सरळ नऊ ओंडके, गप्प. बारीक लाकूड कापायला वेळ लागत नाही. छपराचा भार यायच्या आत सहज होईल. तिच्या मनात हा विचार आला तेव्हा ती स्वतःच दचकली. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्मभर ती तशी खणली गेली होती आणि खणणाऱ्यांना तिनं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"नर्सबाई," खांद्याच्या उंचीवरून मथुरा हळूच म्हणाली, "आमच्यातनं काडा की दार. कशापायी ताटकळताय?"

"तू असं म्हणू नकोस, मथुरा."

"मंग काय म्हनू? आमचं काय जातंय? येका घरात येकेकीचं दोन तुकडं ऱ्हातील, येवढंच."

"चल, जमलं म्हणायचं," मागून नारायणराव म्हणाले. "समजूतदार बायका आहेत."

"हाच मार्ग बरा," दिगंबर म्हणाला.

"मी तेच सुचवणार होतो," हेमंत म्हणाला.

शकुंतलेनं तिघांकडे पाठ केली. तिला वाटलं, मथुरेनं एकदा नको म्हणावं. एकदा किंचाळावं, शिवी द्यावी, बैलगाडीत दिली होती तशी. म्हणजे करवत आपोआप खाली पडेल, आणि मग जे व्हायचं ते होवो. ती थांबली. वर चौथा ओंडका कुरकुरत पुढं सरकू लागला.

"मथुरा," ती म्हणाली. तीस वर्षं बाजेजवळ उभं राहून जो आवाज तिला लागला होता, तोच आवाज निघाला. "दुखलं तर सांग हं."

"सांगते की."

शकुंतलेनं करवत टेकवली आणि ओढली. पांढरा भुसा तिच्या पावलांवर पडला. तिनं पुन्हा ओढली. मागच्या तिन्ही भिंतींनी श्वास सोडला आणि एकेक पाऊल पुढं आल्या, इतक्या की लाकडाची ओल तिच्या पाठीला लागली. तिनं कोपर अंगाशी घेऊन तिसरी ओढ मारली. करवत कशावर तरी अडखळली.

"जरा डावीकडं घ्या, नर्सबाई," मथुरा म्हणाली. "हितं गाठ हाय. तुमचा हात दुखंल."

शकुंतलेनं करवत डावीकडं घेतली.