आरशासमोर म्हटलेले वाक्य

बोलणे हे माझे काम नव्हे. बोलणाऱ्याला त्याचे तोंड दाखवावे, एवढीच माझ्याकडून अपेक्षा आहे आणि ती मी आजवर निष्ठेने पुरी केली आहे. मी एक आरसा आहे. तळहाताहून थोडा मोठा, गोल, पांढऱ्या धातूची कड आणि मागे घडीचा पाय असलेला. आज मात्र मला बोलणे भाग आहे, कारण मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका मोठ्या, नितळ काचेतून मला गोल कापून काढले, कडा घासल्या, पाठीवर चांदीचा पातळ थर दिला आणि त्यावर तांबडा रंग फासला. दुकानात मी फार काळ राहिलो नाही. एका बाईंनी मला उचलले आणि स्वतःचा चेहरा न पाहता, छतावरचा दिवा माझ्यात सरळ दिसतो की वाकडा, ते तपासले. "वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते," असे दुकानदाराला बजावून त्या मला घरी घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांना दाढीसाठी आरसा हवा होता.

या बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांचा आवाज स्वच्छ आणि उच्चार कोरीव होते. घरात कोणी नुसते "हं" म्हटलेले त्यांना खपत नसे. "हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. हं म्हणजे काय?" असे त्या यजमानांनाही विचारीत. "बोला, लाइन जोडली आहे," हे वाक्य त्यांच्या तोंडी इतके बसले होते की त्यांची मुलगी लहानपणी चमचा कानाला लावून तेच म्हणत खेळे. फोन आपण होऊन आधी ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मुलीला त्या ठकू म्हणत. गोड बोलून हवे ते पदरात पाडून घेण्याची तिची कला त्यांनी वेळीच ओळखली होती.

कित्येक वर्षे मी रोज सकाळी साबणाचा फेस पाहिला. माणसे दाढी करताना फार गंभीर होतात आणि नाकाखाली पोहोचली की विनाकारण डोळे मोठे करतात, हे मी नमूद करून ठेवतो.

पुढे ठकू विद्यापीठात गेली आणि तिने एका दूरच्या देशाची भाषा घेतली. त्या विभागातल्या प्राध्यापिकेची शिकवण्याची रीत निराळी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना हात-आरसा आणायला सांगितले. नवी भाषा कानाने शिकण्याआधी तोंडाने शिकावी लागते, असे त्यांचे मत होते. त्या भाषेत एक स्वर असा होता की जीभ 'ई' म्हणताना राहते तिथेच ठेवायची आणि ओठ मात्र 'ऊ'सारखे काढायचे. एखादा उच्चार श्वास सोडून केला की काचेवर वाफ धरली पाहिजे आणि श्वास आवरून केला की काच कोरडी राहिली पाहिजे. ठकूने विभागात नेण्यासाठी मलाच पळवले.

"माझा आरसा कुठाय?" अर्ध्या गालाला फेस लावलेले बाबा घरभर विचारीत हिंडत.

"दोन मिनिटं थांबा ना बाबा, एक स्वर राहिलाय."

"माझी अर्धी दाढी राहिलीय, तिचं काय?"

आई चहा गाळता गाळता म्हणत, "आरशाला वेडावून दाखवायला विद्यापीठात घातलं का गं तुला? हे काम तर तू तिसऱ्या वर्षीच शिकली होतीस." पण ठकूचे लक्ष नसले की त्याही ओठांचा चंबू करून तो स्वर हळूच जुळवून बघत. ठकूच्या खांद्यावरून त्यांचे ओठ मला दिसत. दोघींची तोंडे अगदी एका साच्यातली होती. वरच्या ओठाची तीच कमान, हसताना डावीकडे पडणारी तीच खळी.

शेवटच्या वर्षी त्या देशात जाऊन भाषा शिकण्याची शिष्यवृत्ती जाहीर झाली. ठकूची मुलाखत झाली आणि विभागातून तिची निवड झाली. घरात आनंदीआनंद झाला. एक्स्चेंजमधल्या सगळ्या मैत्रिणींना आईंनी स्वतः फोन करून ही बातमी सांगितली. मी तेव्हा जेवणाच्या टेबलावर होतो, म्हणून सांगतो. त्यांचा आवाज प्रथमच थोडा कापत होता.

बॅग भरण्याच्या दिवशी मात्र सारे बिनसले. ठकू घरी एका वर्षाचे सांगत आली होती. शिक्षण तीन वर्षांचे आहे, हे आईंना तिने बॅगेची चेन लावताना सांगितले.

"एक वर्ष म्हणाली होतीस."

"तीन म्हटलं असतं तर तू अर्जच करू दिला नसतास."

"म्हणजे मला फसवलंस."

"आई, फसवलं काय! आधी सांगितलं नाही, एवढंच."

"ठकू नाव उगीच नाही ठेवलं मी." आईंचा आवाज चढला नाही, तो चढत नसे, नुसता थंड होई. "जा. तिकडे हवं तेवढं बोल, हव्या त्या भाषेत बोल. माझ्याशी बोलायचं मात्र काही राहिलं नाही."

विमानतळावर आई गेल्या नाहीत. निघताना बाबांनी मला पुढे केले. "हा घेऊन जा." ठकू म्हणाली, "राहू दे बाबा. तिकडे मिळेल आरसा. तुम्ही उगाच अर्धी दाढी घेऊन हिंडाल." ती हसली आणि दाराकडे पाहत राहिली. आतून कोणी आले नाही.

दर रविवारी ठकूचा फोन येई. वसतिगृहाच्या व्हरांड्यात एकच फोन होता, त्यामुळे बोलणे घाईचे असे. आई शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसत, एक टाकाही न घालता सगळे ऐकत आणि बाबांनी रिसीव्हर पुढे केला की मान फिरवत. असे काही रविवार गेले. मग एका शनिवारी दुपारी त्या सहज म्हणाल्या, "अहो, उद्या आधी मी बोलेन. पुरे झालं आता."

त्याच संध्याकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

दवाखान्यातून त्यांना घरी आणल्यावर बाबा म्हणाले, "मी ठकूला कळवतो. येईल ती." आईंनी डाव्या हाताने त्यांचे मनगट घट्ट धरले आणि मान हलवली; पुन्हा पुन्हा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हलवली. पहिल्या वर्षी शिक्षण मध्येच सोडून येणाऱ्याची शिष्यवृत्ती रद्द होई, हे त्या घरात सर्वांना माहीत होते. बाबांनी कळवले नाही.

बोलणे पुन्हा शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती आरसा. "काकू, यात बघा. ओठ मिटा. आता सोडा. छान."

"आमच्या घरात हे रोजचंच आहे," बाबा म्हणाले आणि घाईने स्वयंपाकघरात गेले.

मला फोनच्या टेबलावर ठेवण्यात आले. ज्या काचेत ठकू परक्या भाषेचे स्वर शिकली, त्याच काचेसमोर तिची आई आपल्या भाषेचे शिकू लागली. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. लाळ गळे, तेव्हा त्या मला पालथा घालीत. पुसून झाले की पुन्हा सरळ करीत. शिस्त त्यांनी सोडली नाही.

रविवारी बाबा ठकूला सांगत, "आई शेजारी गेलीय." कधी सांगत, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." आणि रिसीव्हर आईंच्या कानाशी धरत. मुलीचा आवाज ऐकताना आई माझ्यात पाहत. एकदा ठकू पलीकडून आपला नवा धडा वाचून दाखवत होती. त्यात तो स्वर आला आणि आईंचे ओठ आपोआप तसे झाले. वाकडे, पण तसेच. बाबांचे लक्ष घड्याळाकडे होते.

एका रविवारी ठकू म्हणाली, "बाबा, पुरे करा आता. शेजारी गेलीय, झोपलीय, किती खोटं बोलाल? तिला माझ्याशी बोलायचं नाही. ठीक आहे. तिला म्हणावं, मी त्रास देणार नाही." हे शब्द तिच्या आईच्याच कानात पडत होते. तेव्हापासून ठकूचे फोन विरळ झाले.

त्या दिवसापासून आईंनी बाकी सारे शब्द बाजूला ठेवले. पाणी नको, दिवा नको, स्वतःचे नावही नको. शिकवणाऱ्या बाई गेल्या की त्या एकच वाक्य घोटू लागल्या. आधी नुसता 'ठ' येई. माझ्यावर वाफेचे एक बोट उमटे आणि विरून जाई. मग 'ठकू' आले. मग पुढचा शब्द तुकड्यातुकड्याने आला. एका दुपारी बाबा औषधे आणायला गेले असताना त्यांनी पाठ सरळ केली, केस कानामागे सारले, एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसत असाव्यात तशा बसल्या आणि म्हणाल्या:

"ठकू, रागावले नाही मी."

पूर्ण म्हटले. एकही अक्षर सांडले नाही. मग त्या हसल्या. खळी पडायची ती बाजू धड होती, तीही हसली.

बाबांना त्यांनी सांगितले नाही. हे वाक्य आधी जिचे तिला द्यायचे होते.

रविवारी त्या सकाळपासून फोनजवळ बसल्या. फोन आला नाही. उन्हे कलल्यावर त्यांनी फोनकडे बोट दाखवले आणि बाबांनी वसतिगृहाचा नंबर फिरवला. पलीकडे कोणी परके माणूस होते. बाबांनी ठकूचे शाळेतले नाव घेतले, पुन्हा घेतले, सावकाश घेतले. पलीकडून त्या भाषेत बरेच काही आले. "काय म्हणतोय कुणास ठाऊक," बाबा म्हणाले. आईंनी हात पुढे केला. त्यांना नेहमीप्रमाणे ऐकायचे असेल, असे समजून बाबांनी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्यांनी श्वास घेतला, ओठ उघडले आणि लाइन तुटली. जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडणाऱ्या त्या बाई रिसीव्हर तसाच धरून बसल्या. आधी ठेवायचा नाही, हा नियम होता. शेवटी बाबांनीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला.

ठकू पोहोचली तेव्हा सर्व आटोपले होते. बाबांनी तिला पहिल्यापासून सगळे सांगितले. ती फोनच्या टेबलाशी बसून राहिली. मग तिने विचारले, "फोनवर मी तसं बोलले, त्या रागातच गेली का हो ती?"

"नाही गं. राग कसला."

"तुम्ही म्हणता. ती म्हणाली का तसं?"

इतके महिने खोटे बोललेल्या त्या माणसाने या वेळी मात्र खरे सांगायचे ठरवले. "तिला बोलताच येत नव्हतं, ठकू."

मी समोर होतो. काचेला तडा जाऊ शकतो. तिला तोंड फुटत नाही. माझ्यात सारे येते आणि काहीच राहत नाही. एखादे साधे टेप-यंत्र माझ्या जागी असते, तर ते माझ्याहून उपयोगी ठरले असते.

पहिले वर्ष तोवर सरले होते; ठकू परत गेली आणि तिने शिक्षण पुरे केले. आता ती त्याच विभागात शिकवते आणि मी तिच्या टेबलावर आहे. माझ्या कडेचा पत्रा सैल झाला आहे, पाठीचा तांबडा रंग सुटत चालला आहे आणि कडेने काळे ठिपके आत सरकत आहेत. शिष्यवृत्तीवर निघालेली मुले शेवटच्या सरावाला येतात. ती माझ्यावर श्वास सोडतात आणि ओठांचे चंबू करून एकमेकांना हसतात. ती त्यांना स्वर शिकवते आणि शेवटी प्रत्येकाला न चुकता विचारते, "घरी खरं सांगितलंय ना? किती वर्षं ते?" मुलांना हा प्रश्न विचित्र वाटतो.

सारे गेल्यावर कधी कधी ती माझ्यासमोर बसते आणि पुटपुटते, "आई, रागावलीस?" तेव्हा माझ्यात दिसणारे तोंड तिचे असते आणि तिचे नसतेही, तीच कमान, तीच खळी. ती उत्तराची वाट पाहते. उत्तर देणारे ओठ तिच्याच चेहऱ्यावर आहेत आणि ते मिटलेले असतात.

ठिपके मधोमध आले की मला काढून टाकतील. त्याआधी वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी त्या विभागात गेलात, तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना एवढे सांगा. त्यांना ठकू म्हणा. बाबाही गेले; त्या नावाने त्यांना हाक मारणारे आता कोणी नाही. सांगा की तुमच्या आईला बोलता येत होते. तिने ते वाक्य म्हटले होते. पूर्ण म्हटले होते. काचेवर वाफ धरली होती.