निळा वर, तपकिरी खाली

आमच्या घरात झेंडे शिवतात. म्हणजे सासूबाई शिवतात, मी काठ दुमडून देते, आणि निवृत्त इतिहास शिक्षक असलेले सासरे बोलतात.

लेकीला शाळेच्या कार्यक्रमात आमच्या बेटाच्या झेंड्याचे रंग सांगायचे होते. झेंडेवाल्यांची नात म्हणून बाईंनी तिलाच निवडलं. आणि तालमीत हिनं ठणकावून सांगितलं, "वर तपकिरी, मध्ये पांढरा, खाली निळा!" बाईंनी चूक सांगितली तर म्हणाली, "माझी आजी शिवते, मला माहितीय." उद्याही असंच म्हणाली तर तिच्या जागी दुसरी मुलगी बोलणार होती. घरी आली ती फुरंगटूनच.

"अगं, निळा म्हणजे समुद्र," सासऱ्यांनी सुरुवात केली. "तपकिरी म्हणजे माती. पांढऱ्याला आता शांतता म्हणतात, पण पहिला झेंडा करताना रंगच संपला, म्हणून मधली पट्टी कोरी राहिली. त्याचं असं झालं..."

"अहो, तिला उद्या बोलायचंय, पुढच्या वर्षी नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी धाकट्याला थोपटत बघत होते. लेक नेहमीसारखी मशीनच्या पलीकडे, आजीकडे तोंड करून स्टुलावर बसलेली. झेंडा मध्ये पसरलेला, आणि त्याची वरची निळी पट्टी बरोबर हिच्या पोटाशी. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"आई, ही झेंडा पलीकडून शिकलीय!"

सासूबाईंनी तिला उचलून आपल्या मांडीवर घेतलं. पोरीनं झेंड्याकडे बघितलं आणि ओठ काढला. "म्हणजे मी चुकीच्या जागी बसायचे?"

"चुकीच्या कशानं गं? तिथं बसलीस की मला तुझं तोंड दिसतं."

दुसऱ्या दिवशी ती स्टेजवर उभी राहिली. "वर..." म्हणाली आणि थांबली. डोळे घट्ट मिटले, आजीच्या मांडीवर बसल्यासारखे गुडघे जरा वाकवले.

"वर निळा, समुद्राचा. मध्ये पांढरा, शांततेचा. खाली तपकिरी, आपल्या मातीचा."

टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या, तरी ही माईक सोडेना. घसा खाकरून म्हणाली, "आता इतिहास."

शेवटी बाईंनीच तिला हाताला धरून खाली उतरवलं.

"बघा," सासूबाई सासऱ्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "अगदी तुमच्यावर गेलीय. उतरवावं लागतं."

सासरे मात्र अजून टाळ्या वाजवत होते.