मी मारलेलं हिरवं शेत

मी फवारणीचा पंप बोलतोय. वीस लिटरचा, निळा, पाठीवर अडकवायचा. माझ्या बोलण्यात बढाई नाही. ही कबुली आहे.

कोरियातल्या एका डोंगरउतारावर दल-सूचं मिरचीचं शेत आहे. अकरा वर्षं मी त्याच्या पाठीवर होतो. माझ्या नळीतून औषध सुटलं की आठ-दहा दिवसांत तण पिवळं पडायचं. "असा गडी शोधून सापडायचा नाही!" म्हणत तो मला थोपटायचा आणि मी फुगायचो. माती दगडासारखी होत चालली होती, गांडुळं दिसेनाशी झाली होती. कळत होतं, तरी फुगतच राहिलो.

एका शरदात त्याच्या बायकोने, ओक-बुनने, अर्धं शेत मागून घेतलं. नांगरलं नाही. त्यात राय, म्हणजे गव्हासारखं उंच वाढणारं धान्य पेरलं आणि शेंगांचे वेल सोडले. वसंतात ते सगळं आडवं पाडायचं आणि त्याच आच्छादनात मिरचीची रोपं लावायची, असा तिचा बेत.

"लोक हसतायत," दल-सू जेवता जेवता म्हणाला. "दल-सूच्या बायकोने तण पेरलं म्हणे!"

"हसू देत. माती उघडी पडली की मरते हो. एक वर्ष द्या मला."

एप्रिलमध्ये ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. राय कमरेएवढी झाली होती. बाजारात कुणीतरी पुन्हा टोमणा मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दल-सूने मला पाठीवर घेतलं.

एरवी जरा कचरा अडकला की मी तुंबायचो. त्या दिवशी एकदाही तुंबलो नाही. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चोख काम केलं.

ओक-बुन परतली तेव्हा राय करपली होती, वर नांगरटही झाली होती. "मला विचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

जूनअखेर तीन दिवस पाऊस कोसळला. ती उघडी माती वाहत जाऊन खालच्या शेतातल्या माल-सून नावाच्या आजीच्या रताळ्यांवर बसली. आजी काठी टेकत वर आली.

"दल-सू, तुझं शेत माझ्या शेतात झोपलंय. उठव आणि घेऊन जा!"

तो आठ दिवस टोपल्यांनी माती वाहत होता. ओक-बुनही टोपली घेऊन आली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चुकलो गं. तुझं शेत मी मारलं."

"ठाऊक आहे. पंप धुवायलाही विसरलात."

"शरदात पुन्हा पेरू. सगळ्या शेतात."

"तुम्ही पेरा. मी बघते."

पहिल्या वर्षी मिरची कमीच आली. दोघांनी दम धरला. आता चार वर्षं झाली; माती हाताने उकरता येते, पाऊस जिथल्या तिथे मुरतो. आजीच्या वाफ्यात गाळ येत नाही. हसणारेच बियाणं मागायला येतात, एकमेकांच्या शेतात पेरणीला हात लावतात आणि ओक-बुनच्या अंगणात एकत्र जेवतात.

परवा दल-सूचा चुलतभाऊ मला मागायला आला. "पडूनच आहे ना?" दल-सूने विळा उचलला आणि माझी नळी कापली. "आता नाही चालत तो."

मला दुखलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

तुमच्या पडवीत माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला उचलण्याआधी एकदा खाली बसून मूठभर माती हातात घ्या.

दल-सूने माफी मागितली, त्याला ती मिळालीही. माझी मागायची राहिली आहे. ओक-बुन रोज समोरून जाते; तिला माझं बोलणं ऐकू येत नाही.