शिवण पडलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. युगांडातल्या मसाका गावात, लाल मातीच्या एका अंगणात, फणसाखाली माझा मुक्काम असतो. माझ्या कातड्यावर मधोमध एक लांब शिवण आहे. नवा माणूस आला की त्याची नजर आधी तिच्यावरच जाते.

माझा जन्म मोठ्या रस्त्यालगतच्या ढोल करणाऱ्यांच्या वस्तीत झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने ओंडका आतून कोरला, गाईचे कातडे भिजवून ताणले आणि पट्ट्यांनी मला करकचून आवळले. स्वतःची टिमकी वाजवू नये हे मला कळते, पण माझ्याएवढा घुमणारा ढोल त्या वस्तीत दुसरा नव्हता. पुढे काही वर्षे मी एका शाळेत होतो. माझी कड फुटली तेव्हा शाळेने नवा ढोल घेतला आणि मी कोळशाच्या पोत्यांमागे जाऊन पडलो. तिथून मला सेबुलिबा म्हाताऱ्याने मागून आणले.

सेबुलिबा एके काळचा अट्टल दारुडा. दारू सुटल्यावर त्याने नालवोगा नावाच्या परिचारिकेला आणि आणखी काही जणांना हाताशी धरून एक संस्था काढली. ज्यांचे मनही आजारी आहे आणि ज्यांना व्यसनही लागले आहे, अशांसाठी. या माणसांचे फार हाल होतात. इस्पितळात गेले की ऐकायला मिळते, आधी दारू सोड, मग ये. दारू सोडवणाऱ्यांकडे गेले की ते म्हणतात, आधी डोके ताळ्यावर आण, मग ये. सेबुलिबाच्या फाटकातून मात्र दोन्ही दुखणी एकदमच आत यायची. आत चहा मिळे, शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर उकडलेली केळी मिळत आणि कुणीतरी नीट ऐकून घेई.

माझे काम मानाचे होते. जो बराच काळ दारूपासून दूर राही, त्याला अंगणात सगळ्यांसमोर उभे करत. सेबुलिबा विचारी, "काय सोडलंस?" तो म्हणे, "सगळं सोडलं." मग तो माणूस मला वाजवी आणि अंगणभर टाळ्या पडत. त्या टाळ्यांनी मीही फुगून जात असे.

लुक्वागो विटा पाडणारा होता. त्याची आई नाकिमेरा चटया विणायची. तिनेच त्याला हाताला धरून इथे आणले. त्याला कुणालाच ऐकू न येणारे आवाज ऐकू यायचे आणि ते गप्प करायला तो वारागी प्यायचा. ती तिथली कडक दारू. नालवोगाच्या गोळ्यांनी आवाज बारीक झाले, तशी दारूही सुटत गेली. मग माझी सगळी निगा तोच राखू लागला. कातडे ताणावे म्हणून मला उन्हात ठेवी. माझ्यावर कुणी चहाचा पेला ठेवला की तो लगेच उचली.

"या ढोलाशी लग्नच लाव एकदाचं," सेबुलिबा त्याला चिडवायचा. "आईला सून मिळेल."

"चालेल की मला," नाकिमेरा म्हणायची. "हात लावल्याशिवाय बोलत तर नाही."

लुक्वागो लाजून हसायचा. आईच्या देखत मला वाजवायचे, एवढी एकच इच्छा त्याने मनात धरली होती.

एका मेळाव्यात एक गडी मला वाजवून झाल्यावर छाती पुढे काढून म्हणाला, "आता मी अंगात काही म्हणजे काही जाऊ देत नाही. डोकं दुखलं तरी गोळी नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. नालवोगा आत कुणाला तरी इंजेक्शन देत होती. सेबुलिबानेही भाबडेपणाने टाळ्या वाजवल्या. माझ्याजवळ बसलेल्या लुक्वागोने खिशातली गोळ्यांची पुडी चाचपली. ते कुणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो रोजची गोळी फणसाच्या मुळाशी पुरू लागला. खोटे बोलणे त्याच्या स्वभावातच नव्हते. "सगळं" म्हणायचे तर खरोखर सगळेच सोडायला हवे, असे त्याला वाटले.

त्याचा दिवस उगवला. नाकिमेरा सणाचा झगा घालून आली होती. "काय सोडलंस?" सेबुलिबाने विचारले. "सगळं सोडलं," लुक्वागो म्हणाला आणि त्याने मला असे वाजवले की मी पूर्वी कधीच तसा वाजलो नव्हतो. त्याचे डोळे मात्र तारवटलेले होते.

पुढे एका दुपारी तो एकटाच माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या कातड्याला कान लावला.

"हळू बोल," तो म्हणाला. "आईला ऐकू जाईल."

मित्रांनो, मी गप्प होतो.

नालवोगाने त्याला तसे पाहिले. ती शेजारी बसली. "भाऊ, गोळ्या घेतोयस ना?"

"ताई, मी ढोल वाजवलाय," तो म्हणाला. "आता गोळी घेतली तर ते वाजवणं खोटं ठरेल."

सेबुलिबाला बोलवायला ती आत धावली. तेवढ्यात लुक्वागोने केळी सोलायची सुरी उचलली आणि माझे कातडे उभे फाडले. आता तरी गप्प बस, असे म्हणत तो फाटकाबाहेर पळाला. सगळ्यांनी त्याला खूप शोधले. तो जुन्या वीटभट्टीपाशी सापडला तेव्हा शेजारी वारागीची बाटली होती आणि अंग गार पडले होते.

दफनानंतर नाकिमेरा अंगणात आली. सेबुलिबाला मान वर करवेना.

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात म्हणून मीही वाजवल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला कळत असेल."

मला नवे कातडे चढवायचे ठरत होते, पण ती नको म्हणाली. माझ्या पोराने फाडलेय, तेच शिवा, म्हणाली आणि चटयांच्या दाभणाने तिने स्वतःच मला शिवले. तेव्हापासून माझा आवाज पडसे झाल्यासारखा येतो.

परवा बसथांब्यावर केळी विकणारी एक बाई अंगणात सगळ्यांसमोर उभी राहिली. सेबुलिबाने विचारले, "काय सोडलंस?"

"दारू सोडली."

मग त्याने लुक्वागोनंतर जोडलेला दुसरा प्रश्न विचारला. "आणि काय चालू आहे?"

बाईने तळहातावरची गोळी सगळ्यांना दाखवली आणि ती पाण्याबरोबर गिळली. ती गिळून होईपर्यंत आता कुणी टाळी वाजवत नाही. पहिली टाळी मागून, चटईवरून येते. ती नाकिमेराची असते.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत एखादा माणूस असेल, जो हसून सांगेल की मी सगळे सोडले. त्याचे कौतुक जरूर करा. पण त्याआधी त्याच्याजवळ बसा आणि झोप लागते का, औषध चालू आहे का, हे विचारा. लुक्वागोच्या गोळ्या मातीत जाताना मी रोज पाहत होतो. मला विचारता आले नाही. तुम्हाला तोंड आहे.