स्टुडिओतला स्टँड गच्चीवर जातो

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे, कॅमेऱ्याचा. माझं खरं नाव ट्रायपॉड, पण त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. कारखान्यात तीन पाय मिळाले, डोक्यावर स्क्रू बसला आणि मी एका फोटोग्राफरच्या पदरी पडलो. नवरानवरी, रडकी बाळं, पासपोर्टसाठी ताठ बसलेली माणसं, सगळी माझ्यासमोर येऊन गेली. "हा आहे म्हणून माझं चालतं," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे.

मग मालक गेले. मी कोपऱ्यात उभा राहिलो. वाईट वाटलं का, ते सांगता येत नाही. धूळ बसत होती, एवढंच. मालकीणबाई समोर येऊन बसायच्या, चहा निवायचा, उठून जायच्या. रडल्या नाहीत.

एकदा त्यांच्या नणंदबाई आवराआवरीला आल्या. "वहिनी, हे तीन तंगड्यांचं ध्यान भंगारात देऊ का?"

"थांबा हो वन्सं. यांना ताऱ्यांचा फोटो काढायचा होता, राहूनच गेला. तो एक जमला तर ठेवीन. नाहीतर खुशाल न्या."

अंधार पडल्यावर दोघींनी मला गच्चीवर नेलं. वाऱ्याने डुलू नये म्हणून माझ्या मधल्या दांड्याला विटांची पिशवी टांगली. काळोखात कॅमेऱ्याला फोकस सापडेना, तेव्हा बाईंनी तो लांबच्या एका दिव्यावर हाताने बसवला. शटर बराच वेळ उघडं ठेवलं. फोटोत ताऱ्यांच्या अळ्या झाल्या.

"कुडकुडतायत बिचारे!" नणंदबाई म्हणाल्या.

"बटण दाबताना माझाच धक्का लागतोय."

म्हणून टायमर लावला. बटण दाबलं आणि बाई धावत माझ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. स्टुडिओत टायमर लागायचा तो दोघांच्या फोटोसाठी. मालक बटण दाबून पळत यायचे. बाईंनी पदर सारखा केला. शेजारी एका माणसाची जागा सोडली.

"अगं बाई! वहिनी, फोटो ताऱ्यांचा ना? मध्ये काय उभ्या राहता?"

शटर मिटेपर्यंत बाई हलल्या नाहीत.

फोटोत त्यांच्या डोक्याखांद्यांची काळी आकृती आली होती. शेजारच्या जागेत नुसते तारे, टाचणीच्या टोकाएवढे, स्वच्छ.

नणंदबाईंनी वाकून फोटो पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "हा जमला म्हणायचा का?"

"तारे हललेले नाहीत," बाई म्हणाल्या, आणि मला घडी घालून घरात घेऊन गेल्या.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल. त्याचे स्क्रू आवळत जा. गच्चीवरून आणलात की पायांवरचं दव पुसा, गंज चढायला वेळ लागत नाही. आणि बटण दाबलं की हात काढून घ्या. पुढचं उभं राहणं आमच्यावर सोडा.