भोंगेवाल्याची चिठ्ठी

“झोप गं राणी, आज मी कुठ्ठं जात नाही.” बापाचा हा आवाज ऐकून चाळीस वर्षं उलटली होती; पण जुन्या कागदाची घडी मोडली की तो अजूनही दप्तरखान्यातल्या मावशींच्या कानाशी यायचा.

आज विद्यापीठाच्या त्या दप्तरखान्यात प्रबंध लिहिणारी एक मुलगी चार पुस्तकं मांडून बसली होती. विषय कारखान्यातली आग. भर दुपारची, सात माणसं गिळणारी.

“मावशी, चारही लेखक एकच सांगतात. भोंगेवाला झोपला होता, म्हणून धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. पण आमच्या मार्गदर्शक बाईंना पटेल तर ना! म्हणतात, चार पुस्तकं म्हणजे चार साक्षीदार नव्हेत.”

“खरंय त्यांचं. पहिल्याने लिहिलं, तिघांनी री ओढली. आणि तो पहिला तरी कुठं होता तिथं? वीस वर्षांनी ऐकलेलं लिहिलंय.”

“म्हणून तर विचारते. त्या दिवसाचा, त्या भोंगेवाल्याच्या हातचा एखादा कागद? नसेल तर मीही ‘झोपला होता’ लिहून मोकळी होते. उद्या द्यायचंय.”

‘नाही’ मावशींच्या जिभेवर तयारच असायचं. किती जणांना सांगून झालं होतं! पण आता पाचव्यांदा तेच लिहिलं जाणार होतं. पोरगी पेन्सिलीला टोक काढत होती.

मावशी उठल्या. स्वतःच्या खणातून, डब्याच्या फडक्याखालून, त्यांनी एक पिवळा कागद काढला. हा दाखवला की बाबा सुटतात आणि आपण सापडतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“हात पुसून धर.”

‘मुलीला ताप आहे. घरी थांबतो. भोंग्यावर बदली माणूस बसवावा.’ खाली कारखान्याच्या साहेबांची पोच-सही, आगीच्याच दिवशी सकाळी दहाची.

“अगंबाई! म्हणजे साहेबानं बदली माणूस दिलाच नाही! हा कागद होता कुठं इतकी वर्षं?”

“कारखान्याच्या गठ्ठ्यात सापडला, तेव्हापासून माझ्यापाशी. त्यातली मुलगी मीच.”

पोरीनं कागद जपून खाली ठेवला. मग हलकेच वही ओढून लिहू लागली, “मुलीला ताप असल्यामुळे...”

“थांब.” मावशींनी तिच्या पेन्सिलीवर हात ठेवला. “कागद खरा आहे, अक्षर बाबांचंच आहे. पण ताप नव्हता मला. आई जाऊन महिना झालेला, एकटीला घर खायला उठायचं. सोंग घेतलं मी. बाबांनी कपाळाला हात लावला, गारच होतं की ते. त्यांना कळलं होतं गं. कळूनही लिहिलं.”