अर्धा टन, पाऊण टन, एक टन

नॉर्वल ट्वेटनला नवा पिकअप ट्रक घ्यायचा होता, आणि कुठला घ्यायचा हे ठरवायला त्याने आतापर्यंत फक्त तीन वर्षं घेतली होती. ह्या काळात त्याने ट्रक सोडून ट्रकला लागणारं सगळं घेतलं. रबरी मॅट घेतल्या. बाहेर कानासारखे पसरणारे आरसे घेतले. पाऊण टनाचा ट्रक मावणार नाही म्हणून गॅरेजची मागची भिंत पाडून ते लांब केलं. मग मनात एक टनाचा ट्रक आला, तेव्हा नवी भिंतही पाडली. नॉर्थ डाकोटातल्या त्या गावात आता सगळ्यात लांब गॅरेज नॉर्वलचं होतं, आणि त्यात त्याचा जुना अर्ध्या टनाचा ट्रक रिकाम्या चर्चमध्ये एकटी म्हातारी बसावी तसा उभा असायचा.

ट्रकमागे जोडून ओढायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, मात्र कधीच आला होता. त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, त्याच आठवड्यात तिने तो आणला. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि दोघांपुरतं टेबल. हिवाळा ॲरिझोनात काढायचा, जिथे बाहेर वाळत घातलेली पँट काढताना फळीसारखी उचलावी लागत नाही, एवढंच तिचं म्हणणं. पहिल्या हिवाळ्यात ट्रक ठरला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात ट्रेलर खिडक्यांपर्यंत बर्फात गेला आणि मार्लिस त्याच्यातच झोपायला लागली.

"घरात काय झालंय?" नॉर्वलने विचारलं होतं.

"घर कुठेही जाणार नाही हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "ट्रेलरचं अजून नक्की नाही."

आणि ह्या ऑक्टोबरच्या शेवटी, सोमवारी सकाळी, तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि सांगून टाकलं, "शुक्रवारी मी निघणार. तू आलास तर तुझ्यासकट. नाही आलास तर तुझ्याशिवाय."

"ट्रक कुठला?"

"तेवढं तू बघ. तू बघतोच आहेस."

तेव्हापासून नॉर्वलच्या बुडाला खुर्ची लागेना. तो उभ्याने जेवला. अंगणात गेला, परत आला, दाराशी आल्यावर कशाला आलो ते आठवेना म्हणून पुन्हा गेला. लेना नावाची म्हातारी कुत्री आधी त्याच्यामागे येरझाऱ्या घालत होती. मग तिने मधोमध बसून नुसती मान फिरवायला सुरुवात केली.

त्याचं दुखणं असं होतं. अर्ध्या टनाचा ट्रक अर्ध्या टनाचा नसतो, पाऊण टनाचा पाऊण टनाचा नसतो, ही नुसती घराण्यांची नावं. जाहिरातीत ट्रक किती ओढतो ते मोठ्या अक्षरांत असतं, आणि ओढायला सगळेच तयार असतात. खरी गोम दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या लहानशा कागदावर. ट्रकने पाठीवर किती घ्यायचं ते तिथे लिहिलेलं असतं. त्यात ट्रेलरचं नाक मागून दाबतं ते वजन आलं, जनरेटर आला, नवरा आला, बायको आली, कुत्री आली. पाऊण टनाचा घ्यावा तर तो रिकामा असताना असा उडवतो की मार्लिसची कंबर जाईल. त्यात डिझेलचं इंजिन घ्यावं तर ते एवढं जड, की ताकद वाढते आणि पाठीवरची जागा घटते. एक टनाचा घ्यावा तर चर्चच्या आवारात तो दोन जागा अडवेल आणि लोक म्हणतील, ट्वेटनला मिजास आली. ही शेवटची अडचण त्याने कुणाला सांगितली नव्हती, पण सगळ्यांत जड तीच होती.

डीलरकडे त्याला ओळखत होते. तो फाटकातून आत शिरला की विक्रीवाले एकदम फोनवर बोलायला लागायचे. आदल्याच रविवारी चर्चमध्ये पास्टरीणबाईंनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, प्रवाशांसाठी केली, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि नॉर्वलसाठी, ट्रकच्या बाबतीत." सगळ्यांनी आमेन म्हटलं. पहिल्या दोन प्रार्थनांपेक्षा जोरात.

बुधवारी मार्लिसचा भाऊ ड्वेन आला. ड्वेनकडे एक टनाचा ट्रक होता, मागे चार चाकांचा, आणि त्याला ह्या प्रश्नात कधी प्रश्नच दिसला नव्हता.

"मोठा घे," तो म्हणाला.

"तुझा मोठा आहे ना? मग आज बायकोची छोटी गाडी घेऊन का आलास?"

"गावात ट्रक आणायला परवडतं का?"

"बघ!" नॉर्वल म्हणाला आणि पुन्हा अंगणात गेला.

मार्लिस कपाटातून स्वेटर काढत होती. "ड्वेन, तुझ्या ट्रकने मला नेऊन सोड म्हटलं तर सोडशील?"

"सोडीन की. पण तिथे पोचल्यावर तुझा ट्रेलर नुसता उभा. हलवणार कशाने?"

"मग नको. उभा ट्रेलर मला इथेही आहे."

नॉर्वलने हे खिडकीतून ऐकलं. रात्रभर कूस बदलत त्याने शेवटचा उपाय शोधला. तोच सकाळी तिला सांगितला. "अंदाजावर काही ठरणार नाही. आपल्या जुन्या ट्रकलाच ट्रेलर जोडू आणि धान्याच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर उभं करू. नक्की किती जास्त होतंय ते कळलं की तितकाच मोठा ट्रक घेता येईल."

"बरं," मार्लिस म्हणाली.

"पण रिकामं वजन करून उपयोग नाही. लोक तिथेच फसतात. प्रवासाला निघताना असेल तसं सगळं भरायचं. पाणी, गॅस, डबे, दात घासायचा ब्रशसुद्धा."

"ब्रशसुद्धा?"

"ब्रशसुद्धा."

मार्लिसने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तिने जे भरायला घेतलं ते पाहून लेनानेही उठून वाट दिली. लेफ्सेचा, म्हणजे नॉर्वेच्या पातळ पोळ्यांचा, लांबरुंद तवा गेला. ओव्हनमध्ये हॉटडिश भाजायची भांडी गेली. औषधं, रजया, शिवणाचं यंत्र, लेनाचं खाणं. नॉर्वल मधेच ओरडायचा, "हे खरंच नेणार का? नाही तर वजन खोटं येईल!" आणि ती आतून म्हणायची, "खरंच नेणार."

धान्याच्या कोठारावर सुगी संपून शुकशुकाट होता, म्हणजे गावातले सगळे शेतकरी तिथेच कॉफी पीत उभे होते. ड्वेनही आला होता, बायको कॅथीच्या हिरव्या गाडीतून. काटेवाला गेलन हा नॉर्वलचा शाळेपासूनचा दोस्त. ट्रकची चाकं काट्यावर, ट्रेलरची बाहेर, असं उभं करायला त्याने हाताने खुणा केल्या. आकडा बाहेरच्या मोठ्या पाटीवर लाल दिव्यांत उमटतो. मक्याचा येतो तसा ट्वेटन कुटुंबाचाही आला.

नॉर्वलने काच खाली करून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. तीन वर्षं ज्याची भीती होती ते पाटीवर लिहून आलं होतं.

"जास्त आहे!" तो म्हणाला. "दारावरच्या कागदापेक्षा दोनशे चाळीस पौंडांनी जास्त!"

"मोठा घे," ड्वेन म्हणाला.

"पण दोनशे चाळीसच. एवढ्यासाठी एक टनाचा घेणं म्हणजे अतीच. पाऊण टनाचा बघावा, पेट्रोलवरचा, पण त्याचे स्प्रिंग... गेलन, हा काटा बरोबर आहे ना?"

"वीसवीस पौंडांनी सरकतो. धान्याला तेवढं चालतं."

"म्हणजे वीस पौंडांचा घोळ! आता आलं का लक्षात, हे किती नाजूक काम आहे ते?" नॉर्वल सीटवर चुळबुळत होता, आणि तो हलला की पाटीवरचा आकडाही बिचकून हलत होता.

"काय काढायचं ठरवा," कॉफीवाल्यांपैकी कुणी म्हणालं. "कुत्री उतरवून बघा."

"मार्लिस, तूच उतरून बघ ना," ड्वेन म्हणाला.

"चाळीस वर्षं नवऱ्याला वजन सांगितलं नाही. ते आता गव्हाच्या पाटीवर लावू?" मार्लिस म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "नॉर्वल, उतर."

"मी?"

"बघू तरी."

नॉर्वल उतरला. ट्रकने सुस्कारा टाकावा तशी त्याची मागची बाजू वर आली. पाटीवरचा आकडा दोनशे साठने खाली घसरला आणि थांबला.

"बसलं," गेलन म्हणाला. "वीस पौंड शिल्लक."

तीन वर्षांचं कोडं सुटलं होतं. जुना ट्रक अगदी योग्य मापाचा होता. फक्त नॉर्वल जास्त होता.

मार्लिस सरकून स्टिअरिंगमागे बसली. सीट पुढे ओढली, आरसे आपल्या नजरेला लावले.

"कुठे चाललीस?" नॉर्वलने विचारलं.

"ॲरिझोनाला."

"आज गुरुवार आहे!"

"सगळं भरलेलं आहे ना? ब्रशसुद्धा," ती म्हणाली. "मी हळू जाईन. तू ठरव."

ट्रेलर काट्याजवळून हलला, कोठाराला वळसा घालून दक्षिणेच्या रस्त्याला लागला. लेना मागच्या काचेतून बघत होती. नॉर्वल काँक्रीटवर उभा. त्याच्या अंगावर एक पातळ जाकीट होतं आणि खिशात तीन डीलरांची कार्डं. पश्चिमेकडे आभाळ पांढरं पडत चाललं होतं.

"सरळ चाललाय," गेलन म्हणाला. "जरासुद्धा बसलेला नाही मागे."

"मला विचारशील तर," ड्वेनने सुरुवात केली, "एक टनाचा..."

"किल्ली दे."

"ट्रकची? तो घरी आहे."

"ह्या हिरव्या डबीची. विकत घेतली समज."

"अरे, ही काही म्हणजे काही ओढत नाही. हिच्यात तुझे गुडघे मावतील का ते तरी..."

नॉर्वलने किल्ली घेतली. त्याने दाराची चौकट पाहिली नाही, चाकं पाहिली नाहीत, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना कोंबले आणि निघाला. तीन वर्षांत जमलं नव्हतं ते कॉफी निवायच्या आत झालं. मागून ड्वेन ओरडत राहिला, "कॅथीला काय सांगू?"

पुढच्या गावापलीकडे त्याने ट्रेलर गाठला. ट्रेलर त्याने कधी मागून चालताना पाहिलाच नव्हता. एवढा मोठा पांढरा चौकोन, आणि मार्लिस तो असा नेत होती जणू शाळेत जेवणाची गाडी ढकलतेय. फोन वाजला.

"मागे हिरवं काय आलंय?" मार्लिसचा आवाज.

"मी आहे."

मग ती म्हणाली, "रात्रीपर्यंत नेब्रास्का गाठायचं आहे. झेपेल?"

"झेपेल. पण मार्लिस, ऐक. डाव्या मागच्या चाकात हवा मला जरा..."

"नॉर्वल."

"आणि वारा सुटतोय. पश्चिमेचा. झोत आला की स्टिअरिंग ओढायचं नाही, हळूच..."

तेवढ्यात मोकळ्या माळावरून झोत आलाच. ट्रेलर किंचित झुकला, सरळ झाला, चालत राहिला.

"डुलला का गं? मला वाटतं डुलला. थांबून बघूया का?"

"मला आरशात सगळं दिसतंय," मार्लिस म्हणाली. "ट्रेलर सरळ आहे. तूच डुलतोयस. दोन्ही हातांनी धर."